लॅनफेअर व्हॅलीचे जुने नकाशे: 15 मिनिटांचा एक ताव की साडेसातचे चार?

कॅलिफोर्नियातल्या पूर्व मोहावे वाळवंटातल्या या खोऱ्यात गुरांच्या काळातल्या पवनचक्क्या, टाक्या, कॉरल (गुरांचे कोंडवाडे) शोधायचे तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे जुने नकाशे त्याच्याच टोपोव्ह्यू संकेतस्थळावर फुकट मिळतात. 2009 नंतरची यूएस टोपो मालिका या कामाला बाद. असल्या खुणा तिच्यात बहुतेक उतरलेल्याच नाहीत. उरतात दोन: 1:62,500 चा, अक्षांश-रेखांशाची 15-15 मिनिटे व्यापणारा ताव आणि 1:24,000 चे साडेसात मिनिटांचे ताव; 15 च्या एका तावात साडेसातचे चार बसतात.

साडेसातवर 1 मिमी म्हणजे 24 मीटर, 15 वर साडेबासष्ट. खोऱ्याचा तळ इतका सपाट, की 15 च्या तावावर कोरडे ओढे हरवूनच जातात. गाडी कुठून पार करायची हे ठरवायला साडेसातच बरा.

पण इथला इतिहास म्हणजे पाणी. 1910 पासून वसलेले शेतकरी एकीकडे, पाण्यावर ताबा असलेली रॉक स्प्रिंग्ज ही गुरांची कंपनी दुसरीकडे. 1925 मध्ये शेजारच्या गव्हर्नमेंट होल्स या पाणवठ्यावर दोन माणसांनी एकमेकांना गोळ्या घालून ठार केले. डोंगरातल्या झऱ्यापासून तळातल्या टाकीपर्यंतचा माग सलग दिसायला हवा. साडेसातच्या सांध्यावर तो तुटतो. शेजारच्या तावांची वर्षे वेगळी असू शकतात, समोच्च रेषांचे अंतरही. कडेपर्यंत आलेला कच्चा रस्ता पलीकडे गायब, आणि तो मोडला की कुणी गाळला, हे कळायला मार्ग नाही. (एका तावाचे नाव ‘ईस्ट ऑफ ग्रोटो हिल्स’. नाव द्यावे असे त्यात काही सापडले नसावे.) माझा कौल 15 कडे झुकला तो या सांध्यांपायी. सांधे त्यालाही असतात, पण बरेच कमी.

जांभळी शाई दिसली की सावध. ती नंतरची दुरुस्ती, हवाई छायाचित्रांवरून केलेली, जागेवर न तपासलेली. त्या रंगातला रस्ता जुना धरू नये.

दुसरी चूक डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात त्याची. दोन्ही प्रकारचे जुने ताव साधारणपणे नॅड 27 या जुन्या अमेरिकी डेटमवर असतात. कडेचे अक्षांश-रेखांश वाचून डब्ल्यूजीएस 84 या आजच्या डेटमवर लावलेल्या जीपीएसमध्ये घातले, तर या भागात 80 मीटरच्या आसपास, मुख्यतः पूर्व-पश्चिम, चूक पडते. झुडपांत लपलेला पवनचक्कीचा चौथरा हुकायला तेवढी पुरे.

जेपेग नको, जिओटिफ उतरवा; जिओटिफ चित्रात नकाशाची जागा नोंदलेली असते, जेपेगला जागेचे भान नसते. 15 चा ताव तळाशी ठेवा, आणि ज्या टाकीपाशी जायचे आहे तिथला साडेसातचा एकच ताव वर अर्धपारदर्शक करून चढवा. चारही एकदम जोडायला बहुधा न गेलेलेच बरे.