मसावि-लसावि: मूळ अवयव पाडावेत की भागाकार करावा?

आमच्या सीमाभागात एकाच घरात एक मूल मराठी माध्यमात, दुसरं कन्नड माध्यमात आणि सुट्टीला आलेली चंदगडची मावसभावंडं महाराष्ट्र बोर्डात, असं सर्रास असतं. सगळी एकत्र अभ्यासाला बसली की मसावि, म्हणजे दिलेल्या संख्यांना भागणारी सगळ्यात मोठी संख्या, काढायच्या रीती वहीगणिक वेगळ्या दिसतात. मग आईवडील विचारतात, यातली कुठली पक्की करून घ्यायची? पाचवी-सहावीच्या मुलासाठी माझं उत्तर ठाम आहे: आधी मूळ अवयव, म्हणजे २, ३, ५, ७ अशा आणखी न फुटणाऱ्या संख्यांचा गुणाकार करून संख्या मांडायची.

समजा, शहापूरच्या कापड दुकानात ८४ आणि १२६ मीटरचे दोन तागे आहेत. दोन्हींचे सारख्याच लांबीचे, होतील तितके लांब तुकडे करायचे आणि चिंधीही उरवायची नाही. सगळे विभाजक लिहीत बसलं तर दोन्हीकडे बारा-बारा निघतात आणि एखादा हमखास सुटतो. अवयव पाडून बघा:

८४ = २ × २ × ३ × ७
१२६ = २ × ३ × ३ × ७

जो आकडा दोघांनाही भागतो, त्याचे अवयव दोन्ही ओळींत असायलाच हवेत. दोन्हीकडे आहेत २, ३ आणि ७. म्हणून मसावि ४२, म्हणजे ४२ मीटरचा तुकडा. लसावि म्हणजे दोघांनीही भागली जाणारी सगळ्यात लहान संख्या; त्यासाठी प्रत्येक अवयव जिथे जास्त वेळा आलाय तितक्या वेळा घ्यायचा: २ × २ × ३ × ३ × ७ = २५२. स्टँडवरून एकदम सुटलेल्या दोन गाड्यांपैकी एक दर ८४ आणि दुसरी दर १२६ मिनिटांनी सुटत असेल, तर त्या पुन्हा एकदम सुटतील ४ तास १२ मिनिटांनी. त्याच दोन ओळींतून दोन्ही उत्तरं निघाली, आणि ती का निघाली हेही मुलाला डोळ्यांनी दिसलं. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता ३९१ आणि ३२३ घ्या. इथे २, ३, ५, ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही आणि मूल कंटाळतं. भागाकाराची रीत इथे फार सुंदर चालते. मोठ्या संख्येला लहानीने भागायचं, मग भाजकाला बाकीने. बाक्या येतात ६८, ५१, १७ आणि शेवटी शून्य. मसावि १७. युक्लिडने ही रीत सुमारे २३०० वर्षांपूर्वी मांडली. आर्यभटाच्या कुट्टकातही, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायच्या त्याच्या रीतीतही, असाच फिरता भागाकार आहे. मात्र लसावि वेगळा काढावा लागतो: ३९१ × ३२३ ÷ १७ = ७४२९. तेव्हा आठवी-नववीत, अवयव पाडायला हात बसल्यावर, ही रीत जरूर द्या.

एक जागा सांभाळा. ‘मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार’ हे दोन संख्यांपुरतंच खरं. ६, १०, १५ यांचा मसावि १, लसावि ३०, गुणाकार मात्र ९००. तीन संख्या आल्या की ते सूत्र लावू देऊ नका, सरळ अवयव पाडायला सांगा.