दहा रुपयांचे गांधीजी आणि पिनकोडवाला शिक्का

गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट कुणी ‘वापरलेलं आहे, म्हणून स्वस्तात सोडतोय’ म्हणत दाखवत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेसहा हजार असेच गेले.

15 ऑगस्ट 1948 ला टपाल खात्यानं गांधीजींची चार तिकिटं काढली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हाझिए छापखान्यातली, फोटोग्रॅव्हूर पद्धतीची. दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम होती, तेवढ्याचं तिकीट हौसेखातर घेणारे थोडेच. म्हणून आज भाव त्यालाच, आणि नकलाही त्याच्याच जास्त.

विक्रेता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संग्राहकांच्या गटातला. बोलणं गोड. “दादा, आजोबांच्या अल्बममधलं आहे, घरात आता कुणाला नाद नाही.” फोटो पाठवला तो पिवळ्या दिव्याखाली काढलेला, थोडा हललेला. दुसरा मागितला तर म्हणे, “आणखी दोन गिऱ्हाईकं थांबलीत.” पैसे यूपीआयनं गेले, तिकीट कुरियरनं आलं. कागद छान जुनाट दिसत होता. चहाच्या पाण्यात बुडवला की असा दिसतो.

चिमट्यानं उचलून तीसपट भिंगाखाली धरलं. खऱ्या तिकिटाला दोनच शाया, जांभळट तपकिरी आणि गडद लाल. फोटोग्रॅव्हूरमध्ये छटा शाईच्या कमीजास्त थरानं उतरते, म्हणून चेहऱ्यावरची सावली मऊ दिसते. भिंगातून दिसते ती एकसारखी बारीक जाळी, आणि अक्षरांच्या कडाही तिच्यामुळे किंचित दातेरी होतात. माझ्या तिकिटावर गालाच्या सावलीत गुलाबी, पिवळे आणि निळे ठिपके सुटे सुटे पसरलेले. ही चाररंगी ऑफसेट. लग्नपत्रिका छापतात तीच. नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला. आजकालच्या पांढऱ्याशुभ्र कागदात घालतात त्या रसायनाची ही चमक. कडेचे दात मोजले तर तेरा भरले, खऱ्याला साडेअकरा असतात (दोन सेंटिमीटरला).

पण सगळ्यात भारी शिक्का! तारीख ऑगस्ट 48 ची, आणि कडेला अर्धवट दिसणारे आकडे ‘4160’. आपल्याकडे पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. कुठल्यातरी अलीकडच्या पाकिटावरचा शिक्का उचलून नुसती तारीख बदलली होती. शिवाय शिक्क्याची काळी रेघही ठिपक्यांचीच निघाली, म्हणजे तो मारलेलाच नव्हता, तिकिटाबरोबर छापलेला होता.

विक्रेत्याला हे लिहिलं. “तुम्हाला पारख नाही,” एवढं उत्तर आलं आणि मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयच्या पावतीसकट.

गटात फोटो टाकल्यावर कोल्हापूरच्या एका सदस्यानं त्याच माणसाकडून घेतलेलं स्वतःचं तिकीट काढून दाखवलं. हातानं मारलेला शिक्का दोन तिकिटांवर कधी एकाच जागी बसतो का? इथे बसला होता, गांधीजींच्या चष्म्याच्या त्याच काडीवर, त्याच तिरकेपणानं, 4160 सकट. त्यांनी माझ्यापेक्षा दोन हजार जास्त मोजले होते. आता त्यांचीही तक्रार त्याच यूपीआय खात्याविरुद्ध आहे.