मताधिकारासाठी लढलेल्या ब्रिटिश स्त्रिया : रत्नागिरीतलं प्रदर्शन

जरूर पाहा, पण फलकांचा क्रम उलटा लागलाय. १९१२ची लंडनमधली, हातोड्यांनी केलेली काचफोड आधी आणि १९०५ची मँचेस्टरची अटक (सभेत मताधिकाराचा प्रश्न विचारणाऱ्या दोघींची) शेवटी. त्यामुळे बायका हातोड्यापर्यंत का पोचल्या, हेच कळत नाही. तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांना सक्तीने अन्न भरवण्याचा फलक मात्र अप्रतिम! नाकातून किंवा तोंडातून रबरी नळी घालायची, दूध-अंडी ओतायची. नळी श्वासनलिकेत शिरली की अन्न थेट फुप्फुसात. फेब्रुवारी १९१३मध्ये आंदोलक लिलियन लेंटन यातूनच मरणाच्या दारी गेल्या. एप्रिलमध्ये ‘मांजर-उंदीर’ कायदा आला: उपोषणाने खंगलेलीला सोडायचं, सावरली की पुन्हा पकडायचं. १९१०च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला (मोर्चातल्या बायकांना पोलिसांनी मारहाण केली तो दिवस) संसदेवर गेलेल्या, महाराजा दुलीपसिंगांच्या कन्या सोफिया दुलीपसिंग मात्र कुठेच नाहीत, हे खटकतं. खाऱ्या, दमट हवेने कागद वळलेत, लॅमिनेशन हवंच.