काळ्या मातीत पाया: सिमेंट-माती की अंडररीम पाइल?

आपल्या लातूर-नांदेडकडं काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा अन् पावसात फुगणार, वरून 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप कोणी विसरलेलं नाही (तिथं माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली, पाया नंतरची गोष्ट).

सिमेंट-माती म्हणजे जमिनीतल्या मातीतच सिमेंट मिसळून केलेले खांब. अशी माती घट्ट होते, खचत नाही, दाब लई झेलते, पण ताण आला की गडबड, कारण आत लोखंड नाही. भूकंपात जमीन आडवी हलते तेव्हा असे सुटे सुटे खांब वाकून कडकन तुटू शकतात, तेच जोडून चौकटीसारख्या भिंती केल्या तर बरंच सावरतं. अन् काळ्या मातीची ढेकळं नीट फुटली नाहीत तर सिमेंट वरवरच लागतं, आत कच्चं, म्हणून आधी चुना टाकतात.

अंडररीम पाइल म्हणजे जमिनीत खोल ओतलेला, बुडाशी फुगवटा असलेला सळईचा काँक्रीट खांब. त्याचं बरंय, खालचा फुगवटा पाया धरून ठेवतो अन् सळई असल्यानं वाकलं तरी लगेच तुटत नाही. फक्त वर बीमला जोड येतो तिथं उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ पाहिजेत, मिस्त्री नेमका तिथंच हात आखडतो, उभं राहून मोजून घ्या.

घराला मी पाइलच घेईन. गोडाऊनच्या फरशीखाली मात्र सिमेंट-माती चालते.