गारगोटीतलं गॅरेज : माझ्या स्प्लेंडरचं हाफ इंजिन काम

माझी स्प्लेंडर २००९ ची. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून कडगाव ते गारगोटी. मार्चपासून मागं निळा धूर दिसायला लागला, दर आठवड्याला ऑईल खालच्या रेषेवर आणि भरल्या कॅननिशी चढाला तिसरा गिअर ओढेना. पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, म्हणजे हाफ इंजिन काम, इंजिनाचा वरचा हेड-सिलेंडर-पिस्टनचा भाग खोलायचा, हे मलाही कळत होतं.

तरी इंजिन खोलायला मन धजत नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका ठिकाणी हेच काम केलं होतं. सिलेंडर निघेना म्हणून त्या माणसानं फिनांत, म्हणजे सिलेंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांत, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला. एक फिन तुटली, बुडाला ओरखडा पडला आणि तिथनं पुढं कायम ऑईल पाझरत राहिलं. म्हणून या वेळी बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींना आधीच सांगितलं, "मी इथं बसून बघणार." ते म्हणाले, "बसा की दादा, स्टूल घ्या."

पहिला तासभर त्यांनी पाना हातातच घेतला नाही. डिझेल आणि ब्रशनं इंजिनावरची माती काढत होते. मग मॅग्नेट फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आल्याची 'टी' ची खूण जुळवली, कॅमचा गिअर काढताच टायमिंग चेन आत पडू नये म्हणून तारेनं बांधली. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल केले. एकच नट एकदम काढला तर हेड वाकतं, म्हणाले.

सिलेंडर काढताना मात्र मी स्टुलावरनं उठून जवळ गेलो. प्लास्टिकच्या हातोडीनं आजूबाजूला हलकं टकटक, एका हातानं ओढ. पॅकिंग सुटल्याचा बारीक आवाज आला. पिस्टन अर्धा दिसला तिथंच थांबले आणि चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. "रिंगेचा तुकडा नाहीतर लॉक आत पडला तर पूर्ण इंजिन खोलायला लागंल." पिस्टनची पिन जागेवर धरणारं लॉक काढताना वर अंगठा दाबून धरला होता. पिन बोटानं ढकलली, सरळ बाहेर आली. जुनी लॉकं परत बसवत नाहीत, ती तिथंच टाकून दिली.

माझं बोट धरून त्यांनी सिलेंडरच्या आत वरच्या कडेपासून जरा खाली फिरवलं. नख अडकलं. वरची रिंग जिथनं माघारी फिरते तिथं झीज जास्त.

बोअरचं, म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठा करायचं, मशीन त्यांच्याकडं नाही, सिलेंडर कोल्हापूरला उद्यमनगरात जातो. मीच घेऊन गेलो. तिथं गेज वर, मधे, खाली, आडवं-उभं लावून मापलं. मूळ माप ५० मिलिमीटर, झीज होऊन ५०.१२ झालेलं. म्हणजे पाव मिलिमीटर मोठा पिस्टन. आधी पिस्टन विकत घ्यायचा आणि तो मापून बोअर करायचा, उलट नाही. हे मिस्त्रींनी तीनदा बजावलं होतं.

परत आणल्यावर त्यांनी सिलेंडर गरम पाणी आणि साबणानं धुतला, पांढऱ्या फडक्यावर काळं लागायचं थांबेपर्यंत. बोअर केल्यावर आतून घासतात त्या होनिंगची बारीक भुकटी राहिली तर ती नव्या रिंगा महिन्यात खाते. रिंगांची तोंडं एका ओळीत येऊ दिली नाहीत, पिस्टनवरची 'इन'ची खूण कार्बोरेटरकडं. बुडाचा जुना ओरखडा तेलदगडावर घासून काढला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

सगळं मिळून ४,३५० रुपये. दोन दिवस सांगून चार दिवस लावले, त्यात माझं दूध दुसऱ्याच्या गाडीवरनं गेलं, हे मला खरंच अडचणीचं झालं. छापील बिल मिळत नाही, कागदावर हातानं मांडून देतात. हे त्यांनी सुधारायला हवं.

पहिले ५०० किलोमीटर गाडी चाळीसच्या आत ठेवली, मग ऑईल बदललं. आता १,१०० झालेत. धूर नाही, बुडाला ऑईलचा थेंब नाही, भरल्या कॅननिशी चढ तिसऱ्यावर निघतो.

जायचं तर दुपारी जा. सकाळी दूधवाल्यांच्या गाड्यांची गर्दी असते. आणि जुना पिस्टन, रिंगा मागायला लागत नाहीत. ते स्वतःहूनच पुडीत बांधून देतात.