'व्हेज ओके'चे साडेसव्वीस हजार येन

टोकियोत आम्हाला फसवलं हे सांगितलं की लोक आधी हसतात. "जपानमध्ये? शक्यच नाही!" शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत आमचंही हेच मत होतं.

सकाळी आसाकुसाला सेन्सोजी मंदिरात गेलो होतो. तिथे ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी काढतात. शंभर येनचं नाणं आपणच फटीत टाकायचं, डबा हलवून काडी काढायची आणि तिच्यावरच्या नंबरचा खण उघडायचा. पैसे टाकले की नाही हे बघायला कुणीही उभं नसतं. मला 'क्यो' निघालं, म्हणजे अशुभ. तिथल्या रिवाजाप्रमाणे चिठ्ठी तारेला बांधून मी मोकळा झालो. दुपारी उएनो पार्कमध्ये बायको पर्स बाकावर विसरली. अर्ध्या तासाने धावत परत आलो, तर पर्स तिथेच! मग शिंजुकूला महानगर सरकारच्या इमारतीवर, २०२ मीटर उंचीवरून फुकटात शहर पाहिलं. एव्हाना डोक्यात पक्कं बसलं होतं की या देशात पाकीट सांभाळायची गरज नाही.

संध्याकाळी काबुकिचो, म्हणजे शिंजुकूतलाच बार-हॉटेलांचा झगमगता भाग. तिथल्या इमारतीवरचं गॉडझिला या सिनेमातल्या राक्षसाचं डोकं बघायचा मेहुण्याचा हट्ट होता. बायको शाकाहारी, आणि जपानात साध्या भाजीच्या रश्शातही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो. तासभर दारोदार विचारत फिरलो, पोटात कावळे कोकलायला लागले. खांबावरच्या भोंग्यातून जपानीत काहीतरी सारखं सांगत होते. आम्हाला वाटलं, सेलची जाहिरात असेल.

तेवढ्यात एक हसतमुख पोरगा आला. "इंडिया? व्हेज ओके!" हातात फोटोंचं मेन्यूकार्ड. समोरच्या एका प्रसिद्ध साखळी हॉटेलकडे बोट दाखवून म्हणाला, ते भरलंय, पण आमची शाखा मागेच आहे. टेबलाचे पैसे नाहीत, काही नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, व्हेज म्हणतोय हा!" झालं, निघालो त्याच्यामागे. समोरच्या दारात डोकावून खरंच जागा नाही का, एवढंही मी विचारलं नाही.

अरुंद इमारत, लिफ्टने सहावा मजला. पोरगा आम्हाला बसवून गायब. न मागता तीन छोट्या वाट्या आल्या. भाजीवर सुक्या माशाचे पापुद्रे भुरभुरलेले, त्यामुळे बायकोने हातही लावला नाही. उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, थंड टोफू, फ्रेंच फ्राइज, भाज्यांचा तेंपुरा म्हणजे जपानी भजी आणि मेहुण्याच्या दोन बिअर एवढंच मागवलं.

बिल आलं २६,४५२ येन. आपले पंधरा हजार रुपये!

खाण्यापिण्याचे फक्त ६,६०० होते. बाकी माणशी १,५०० बसण्याचे, माणशी २,००० शनिवार-रविवारचे आणि त्या वाट्यांचे माणशी ९८०. या सगळ्यावर २० टक्के सर्व्हिस चार्ज, वर १० टक्के कर. मॅनेजरने शांतपणे मेन्यूकार्डाचं शेवटचं पान उघडलं. मुंगीएवढ्या जपानी अक्षरांत सगळं छापलेलं. तो पोरगा काय बोलला असं विचारलं, तर म्हणे तो आमचा माणूसच नाही. पोलिसांना बोलावतो म्हटल्यावर अगदी अदबीने "प्लीज" म्हणाला. तिथेच मी गळाठलो आणि कार्ड दिलं.

हीच चूक. नंतर कोबानमध्ये, म्हणजे चौकीत गेलो. पोलिसाने भाषांतराच्या यंत्रातून नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा पैशांचा वाद आहे, दोघांनी बोलून मिटवा. पैसे देण्याआधी, मॅनेजरला सोबत घेऊन यायला हवं होतं. पैसे परत मिळालेच असते असं नाही, पण आकडा खाली आला असता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर चांगल्या हॉटेलात उगाच भांडाल. न मागता येणाऱ्या त्या वाटीला ओतोशी म्हणतात आणि तिचे पैसे प्रामाणिक इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या बारमध्येही लागतात, साधारण ३०० ते ५०० येन. दुसऱ्या दिवशी युराकुचोला रेल्वेपुलाखाली आम्ही माणशी ४०० आनंदाने दिले. फरक एवढाच की तिथे कुणी आम्हाला रस्त्यावरून ओढून नेलं नव्हतं. असं गिऱ्हाईक ओढणाऱ्याला 'क्याकुहिकी' म्हणतात. शिंजुकूत त्याला २०१३ पासून बंदी आहे, तरी दर दहा पावलांवर एक उभा असतो. बसण्याआधी 'सेकिर्यो' (बसण्याचे पैसे) आणि 'ओतोशी' किती, हे दोनच शब्द विचारा आणि आकडा कागदावर लिहून मागा. टाळाटाळ झाली तर उठा. मेन्यूकार्डाचं शेवटचं पान आधी मोबाइलने भाषांतर करून वाचा. आणि कुणी प्रसिद्ध हॉटेलची 'शाखा' म्हणाला, तर मूळ हॉटेलात स्वतः जाऊन विचारा.

आमच्या मुक्कामाच्या हॉटेलच्या काउंटरवरची बाई सगळं ऐकून हळहळली. म्हणाली, भोंग्यावर तेच तर सांगतात. मागे लागणारे शंभर टक्के लुबाडतात, त्यांच्याबरोबर जाऊ नका!

सोमवारी पुन्हा काबुकिचोतून जाताना मेहुण्याने भोंग्याखाली मोबाइल धरून ती घोषणा मराठीत करून वाचली. वाचून होतेय तोवर मागून आवाज आला, "इंडिया? व्हेज ओके!" तोच पोरगा. आम्हाला ओळखलंही नाही. मेहुण्याने मोबाइल त्याच्याकडे वळवला, तसं तोंडावर मेन्यूकार्ड धरून तो पलीकडच्या जोडप्याकडे गेला.