ब्राम्सचे व्हायोलिन सोनाटा, सूक आणि कॅचनची जुनी जोडी

ब्राम्स या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराने व्हायोलिन-पियानोसाठी सोनाटा (तीन-चार भागांच्या मोठ्या रचना) लिहिले तीनच, तिन्ही मिळून सव्वा तासाच्या आत संपतात, आणि गेला महिनाभर आमच्याकडे रोज रात्री तेच चालू आहेत. योसेफ सूक व्हायोलिनवर, ज्युलियस कॅचन पियानोवर, डेक्का कंपनीचं 1967 चं रेकॉर्डिंग. आधी एका ॲपवर ऐकायचो, तिथे नेमकी संथ भाग संपता संपता जाहिरात वाजायची, इतकी चिडचिड झाली की शेवटी सीडीच घेतली.

जी मेजर या स्वरपट्टीतल्या पहिल्या सोनाटात माझा सगळा जीव आहे. सुरुवातीला व्हायोलिन एकच सूर तीनदा म्हणतं, लांब-आखूड-लांब, बस्स एवढंच, आणि शेवटच्या भागात त्याच ठेक्यावर पावसाचं गाणं सुरू होतं. क्लाउस ग्रोटच्या कवितेला ब्राम्सनेच आधी चाल लावलेली, तीच इथे घेतलीये. खाली पियानोचे बारीक सूर पडतच राहतात, कॅचन ते इतके हलके वाजवतो की पागोळ्या गळताहेत असं वाटतं. ब्राम्सची जिवलग मैत्रीण, पियानोवादक क्लारा शूमन हिचा मुलगा फेलिक्स, ब्राम्सचा धर्मपुत्र, स्वतः व्हायोलिन वाजवायचा, तो क्षयाने 1879 च्या फेब्रुवारीत गेला, अवघा 24 वर्षांचा. त्या दिवसांत ब्राम्सने क्लाराला या सोनाटातल्या संथ भागाची सुरुवात लिहून पाठवली होती. हे कळल्यावर तो भाग मला सहज ऐकवत नाही. सूक मुद्दाम रडवायला जात नाही, सूर सरळ धरतो आणि सोडतो, म्हणूनच जास्त लागतं.

अजून एक, इथे पियानो साथीला नाहीये. पहिल्याच भागात मध्ये एकदा मुख्य चाल पियानो घेतो आणि व्हायोलिन नुसतं तारा छेडत बसतं, तिथे सूक अगदी मागे सरकून कॅचनला जागा देतो. ही समज फार कमी जोड्यांत ऐकली मी.

दुसरा ए मेजरमधला, 1886 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या थूनच्या तळ्याकाठी लिहिलेला, गोड आहे. तिसरा मात्र डी मायनर, चार भागांचा, त्याच्या पहिल्या भागात मध्ये पियानोचा डावा हात 46 बार (तालाची आवर्तनं) एकच ए हा सूर धरून बसतो. डी ला सा मानलं तर तो पंचम, तानपुऱ्यासारखा खाली घुमत राहतो आणि वर सगळी घालमेल चाललेली, अंगावर काटा येतो.

सूक हा चेक संगीतकार ड्वोर्झाकचा पणतू, आणि ड्वोर्झाकसाठी प्रकाशकाकडे शब्द टाकणारा ब्राम्सच, हे आठवलं की उगाच भरून येतं. कॅचन या रेकॉर्डिंगनंतर दोनच वर्षांत गेला, 42 व्या वर्षी.

पाचपैकी पाच. नवीन असाल तर दुसऱ्यापासून सुरू करा, आणि शक्यतो स्पीकरवर ऐका, मला हेडफोनपेक्षा तसाच तो डावा हात नीट कळला.